शापित शूर : कर्ण आणि अकिलीझ

चिपळूणहून मुंबईच्या वाटेला लागलेला प्रवासी घाट चढूं लागला, म्हणजे वाशिष्ठी नदीचें खोरें हळूहळू त्याच्या पायाखालीं उतरत जातें, आणि पेढें गांवाजवळ डोंगराच्या कुशींत परशुरामाचें देवालय लागतें. अठराव्या शतकांत ब्रह्मेंद्रस्वामींच्या खटपटीनें या देवस्थानास वैभव आलें. देवालयाच्या मागच्या बाजूस रेणुकामातेचें मंदिर आहे. समुद्र मागें हटवून ज्यानें ही कोंकणची भूमि मोकळी करून घेतली, तो चिरंजीव येथें वास करितो, अशी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील लोकांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे.

परंतु क्षेत्रनिर्माता परशुराम ही त्याची एक बाजू झाली. महाभारतांतील परशुराम हा अस्त्रविद्येचा आचार्यही आहे. भीष्म त्याचा शिष्य, द्रोणानें त्याच्यापासून अस्त्रें मिळविलीं, आणि त्याचा तिसरा मोठा शिष्य म्हणजे कर्ण. या तिसऱ्या शिष्यावर त्यानें माया केली, त्याला सारी विद्या दिली, आणि शेवटीं शापही दिला. आज आपणांपुढें बोलावयाचें आहे तें या शापित शिष्याविषयीं. त्याच्या जोडीला मीं ग्रीक लोकांचा लाडका वीर अकिलीझ यास बोलाविलें आहे. दोघेही अजिंक्य, दोघेही अल्पायुषी, आणि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आपलें मरण जवळ आहे हें दोघांनाही आधींपासून ठाऊक होतें.

रणांत पडणारे वीर सर्वच देशांच्या कथांत पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांना मरण अवचित गांठतें. ज्याला आपल्या शेवटाची खबर आधीं मिळते, माघारीची वाट ज्याच्यापुढें उघडी असते, आणि तरीही जो त्या वाटेनें जात नाहीं, असा वीर मात्र विरळा. त्याची कथा ऐकतांना आपण शौर्याबरोबर आणखी एका गोष्टीचा विचार करूं लागतों : याचें दैव याला कोणी लादलें, कीं यानेंच तें ओढवून घेतलें? हा प्रश्न ग्रीकांनीं एका रीतीनें सोडविला, आपल्या व्यासांनीं दुसऱ्या रीतीनें.

प्रथम अकिलीझची हकीकत पाहूं. त्याचें नांव घेतलें कीं शिकलेल्या माणसाला त्याची टांच आठवते. आईनें त्याला तान्हेपणीं पाताळांतील स्टिक्स नदींत बुडविलें, तिच्या मुठींतली टांच तेवढी कोरडी राहिली, आणि तेथेंच पुढें बाण लागून तो मेला, ही गोष्ट आपण शाळेंत वाचलेली असते. गंमत अशी कीं, होमरच्या ‘इलियड’ काव्यांत ही गोष्ट मुळींच नाहीं. नदींत बुडविल्याचा उल्लेख आपल्याला सांपडतो तो ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील स्टेशियस या रोमन कवीच्या काव्यांत, म्हणजे होमरनंतर सात-आठशें वर्षांनीं. होमरचा अकिलीझ इतर माणसांसारखाच मर्त्य आहे. त्याचें दैव त्याच्या टांचेंत नसून त्याच्या मनाच्या निवडींत आहे.

ती निवड अशी. त्याची आई थेटिस ही समुद्राची देवता. तिनें मुलाला सांगून ठेविलें होतें कीं, तुझ्यापुढें दोन वाटा आहेत. ट्रॉयच्या तटाखालीं लढत राहिलास, तर घरीं परतणें नाहीं, पण कीर्ति अक्षय राहील. मायदेशीं गेलास, तर कीर्ति मिळणार नाहीं, पण आयुष्य लांबेल. काव्याच्या नवव्या सर्गांत सेनापतीवर रुसून बसलेला अकिलीझ घरीं जाण्याची भाषा बोलतो देखील. पुढें त्याचा जिवलग मित्र पेट्रोक्लस हा हेक्टरच्या हातून मारला जातो, आणि सूडाच्या आगींत तो निवड करून मोकळा होतो. हेक्टरच्या पाठोपाठ तुझेंही मरण ठेवलेलें आहे, असें आई रडत सांगते. त्यावर तो म्हणतो कीं, मित्राच्या वेळेस मी धांवून गेलों नाहीं, तर मग मला आतांच मरूं दे. एकोणिसाव्या सर्गांत तर त्याच्या रथाचा घोडा मनुष्यवाणीनें त्याचें मरण सांगतो. अकिलीझ उत्तरतो कीं, हें मला माहीत आहे. आणि रथ हांकतो.

‘इलियड’मध्यें अकिलीझचा मृत्यु वर्णिलेला नाहीं. काव्य संपतें तें हेक्टरच्या अंत्यविधीनें. तरी प्रत्येक सर्गावर त्या मरणाची छाया पडलेली आहे. ग्रीक चितारी हें मर्म पुरतें ओळखून होते. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अथेन्समध्यें एक्झीकियस नांवाचा कुंभार-चितारी होऊन गेला. त्यानें रंगविलेला एक मोठा दुकानी कुंभ इटलींत सांपडला, आणि तो आज रोम येथील व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आहे. भाजलेल्या मातीच्या तांबूस पार्श्वभूमीवर काळ्या रंगांत दोन वीर समोरासमोर बसले आहेत : अकिलीझ आणि त्याचा चुलतभाऊ एजॅक्स. दोघांच्या खांद्यांवर भाले टेकलेले आहेत, ढाली मागें ठेविल्या आहेत, आणि दोघेही वांकून मधल्या पटावर खेळत आहेत. त्यांच्या तोंडांपाशीं अक्षरें लिहिलीं आहेत. अकिलीझ म्हणतो ‘चार’, एजॅक्स म्हणतो ‘तीन’.

चित्रांत रक्ताचा थेंब नाहीं. परंतु ज्या ग्रीकानें तो कुंभ हातीं घेतला असेल, त्याला कथा ठाऊक होती. हे दोघेही ट्रॉयहून परतणार नाहींत. अकिलीझ बाणानें पडेल, आणि त्याचें प्रेत खांद्यावर घालून आणणारा एजॅक्स पुढें अपमानाच्या भरांत आपल्याच तलवारीवर पडेल. फ्लॉरेन्स येथें ख्रिस्तपूर्व ५७० च्या सुमाराचें, क्लायटियस या चिताऱ्यानें रंगविलेलें एक थोरलें भांडें आहे. त्याच्या दोन्ही कानांवर एजॅक्स अकिलीझचें प्रेत वाहून नेत आहे असें दाखविलें आहे. ‘चार’ आणि ‘तीन’ या दोन साध्या शब्दांत एक्झीकियसनें तें सारें भविष्य सांठविलें. पटावरच्या खेळानें वीरांचें दैव फिरतें, हें महाभारत वाचणाऱ्याला निराळें समजावून सांगावयास नको.

आतां आपल्या कर्णाकडे वळूं. अकिलीझचें दैव एका वाक्यांत सांगतां येतें. कर्णाचें तसें येत नाहीं. तें थेंबाथेंबानें सांचत गेलेलें आहे, आणि प्रत्येक थेंबाला एक कारण आहे.

पहिली गोष्ट परशुरामाकडची. शांतिपर्वांत नारद ती युधिष्ठिराला सांगतो. कर्णानें द्रोणाकडे ब्रह्मास्त्र मागितलें. द्रोणानें अधिकाराचा प्रश्न काढून तें नाकारलें. मग कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामाकडे गेला आणि आपण भृगुकुलांतील ब्राह्मण आहों, असें त्यानें सांगितलें. गुरूनें विश्वास ठेवून विद्या दिली. तेथें असतां एकदां बाणांचा सराव करीत असतांना त्याच्या हातून एका ब्राह्मणाची होमधेनु नकळत मारली गेली. त्यानें क्षमा मागितली, मोबदला देऊं केला. तरी त्या ब्राह्मणानें शाप दिला कीं, ऐन युद्धांत तुझ्या रथाचें चाक भूमि गिळील. पुढें एके दिवशीं परशुराम शिष्याच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपला असतां एका किड्यानें कर्णाची मांडी पोंखरली. गुरूची झोंप मोडेल म्हणून तो हलला नाहीं. रक्ताच्या स्पर्शानें जागा झालेला परशुराम म्हणाला कीं, इतकें दुःख ब्राह्मण सोसूं शकत नाहीं. खरें सांग, तूं कोण? कर्णानें आपण सूतपुत्र असल्याचें सांगितलें. शाप मिळाला : ब्रह्मास्त्र तुला अंतकाळीं आठवणार नाहीं.

या प्रसंगाची मेख अशी कीं, कर्णानें पहिल्यानें सांगितलें तें खोटें होतें, आणि नंतर खरें म्हणून सांगितलें तेंही खरें नव्हतें. आपण कुंतीचे पुत्र आहों हें त्याला माहीतच नव्हतें. गुरुसेवेच्या ज्या गुणानें तो शिष्य म्हणून श्रेष्ठ ठरावा, त्याच गुणानें तो उघडा पडला. विद्या मागावयास आलेल्याचें कूळ विचारण्याचा हा रिवाज पुराणापुरता राहिला नाहीं, हें आपल्या जिल्ह्याला तरी सांगावयास नको. ज्यांचें मूळ गांव मंडणगडाजवळचें आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेंत इतर मुलांपासून दूर बसावें लागलें होतें. कर्णाच्या कथेचा हा भाग आपणांस अजून बोंचतो, तो याच कारणानें.

दुसरी गोष्ट कवचाची. कर्ण जन्मला तोच अंगावर कवच आणि कानांत कुंडलें घेऊन. अकिलीझला कवच मिळालें तें आईनें हिफीस्टस या देवांच्या लोहाराकडून घडवून आणलेलें. कर्णाचें कवच त्याच्या कातडीबरोबर आलेलें. तें अंगावर असेपर्यंत त्याला मरण नव्हतें. अर्जुनाचा पिता इंद्र तें ब्राह्मणवेषानें मागावयास येणार, हें जाणून सूर्यानें स्वप्नांत येऊन मुलाला सावध केलें. वनपर्वांतील हा बापलेकांचा संवाद प्रत्येकानें मुळांतून वाचावा असा आहे. कर्ण म्हणतो कीं, याचकाला विन्मुख पाठवून मिळणाऱ्या आयुष्यापेक्षां मला कीर्ति अधिक प्रिय आहे. सूर्य उत्तर देतो कीं, कीर्ति जिवंत माणसाच्या उपयोगाची. मेलेल्याची कीर्ति म्हणजे प्रेताच्या गळ्यांतील फुलांची माळ.

येथें ग्रीक आणि भारतीय कवि एकमेकांच्या किती जवळ येतात तें पाहावें. होमरच्या नांवावर असलेल्या ‘ओडिसी’ या दुसऱ्या काव्यांत ओडिसियस पाताळाच्या दारीं जातो आणि तेथें त्याला अकिलीझची छाया भेटते. तूं मृतांमध्येंही राजा आहेस, असें ओडिसियस त्याचें सांत्वन करितो. त्यावर अकिलीझ म्हणतो कीं, मेलेल्या साऱ्यांवर राज्य करण्यापेक्षां एखाद्या गरीब कुणब्याच्या शेतावर मजूर म्हणून राबणें मी पत्करीन. सूर्यानें मुलाला मरणापूर्वीं जें सांगितलें, तेंच अकिलीझला मेल्यावर उमगलें. दोन्ही कवींनीं वीराच्या कीर्तीचे गोडवे गाइले, आणि दोघांनींही त्या कीर्तीची किंमत लपवून ठेविली नाहीं.

कर्णानें बापाचें ऐकलें नाहीं. त्यानें कवच अंगावरून कापून दिलें, आणि मोबदल्यांत इंद्राकडून एकदांच चालणारी अमोघ शक्ति घेतली. ती त्यानें अर्जुनासाठीं राखून ठेविली होती. पण चौदाव्या दिवसाच्या रात्रीं घटोत्कचानें कौरवसेनेचा संहार मांडला, आणि सैन्य वांचविण्यासाठीं ती त्याच्यावर खर्च करावी लागली. अशा रीतीनें विद्या शापानें गेली, कवच दानानें गेलें, शक्ति सैनिकांच्या आक्रोशापुढें गेली. उरली एक वाट, आणि तीही त्याच्यापुढें चालून आली होती.

उद्योगपर्वांत शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथांत घेतो आणि त्याच्या जन्माचें रहस्य सांगतो. तूं पांडवांचा वडील भाऊ आहेस, राज्य तुझें आहे, युधिष्ठिर तुझ्यामागें चवरी धरील, असें तो म्हणतो. अकिलीझपुढें दोन वाटा होत्या, त्यांत एकीकडे नुसतें दीर्घायुष्य होतें. कर्णाला आयुष्य, राज्य, कूळ आणि भाऊ हें सर्व एकदम देऊं केलें होतें. त्यानें नकार दिला. त्याचें कारण कीर्ति हें नव्हतें. ज्या राधेला आपणास पाहतांच पान्हा फुटला, ज्या अधिरथानें आपले जातकर्मादि संस्कार केले, त्यांना टाकून आपण दुसरे आईबाप कसे घेऊं, आणि तेरा वर्षें ज्याच्या आधारावर राज्य भोगलें त्या दुर्योधनाला ऐन वेळीं कसें सोडूं, असें तो विचारतो. पुढें तो आपलें स्वप्नही सांगतो. त्यांत पांडव शुभ्र वस्त्रें नेसून सहस्रखांबी प्रासाद चढतांना त्याला दिसले होते. आपला पक्ष हरणार हें तो स्पष्ट बोलतो. आणि एक विनंती करितो : हें गुपित युधिष्ठिराला कळूं देऊं नकोस; तो राज्य मला देईल, आणि मला तें दुर्योधनाला द्यावें लागेल.

मग कुंती येते. अकिलीझकडे थेटिस समुद्रांतून येते ती मुलासाठीं रडत, त्याच्यासाठीं कवच मागावयास जाण्यासाठीं. कर्णाकडे कुंती येते ती आपल्या इतर मुलांची चिंता घेऊन. कर्ण तिला दुखवून बोलतो, पण रिकाम्या हातीं पाठवीत नाहीं. अर्जुनाखेरीज चौघांना मारणार नाहीं, तुझे पुत्र पांचच राहतील, एवढें वचन तो देतो. आणि पुढें युद्धांत ते चौघे हातीं सांपडले असतां तें पाळतो.

ग्रीक कथांत कर्णाचा खरा जुळा भाऊ शोधावयाचा, तर तो अकिलीझच्या शत्रूंत सांपडतो. मेम्नॉन हा इऑस म्हणजे उषादेवीचा पुत्र, इथिओपियन लोकांचा राजा. तो दुसऱ्याच्या युद्धांत, ट्रॉयच्या बाजूनें, मदतीला आला आणि अकिलीझच्या हातून पडला. त्याची कथा ज्या जुन्या काव्यांत होती तें आज लुप्त आहे. त्याचा सारांश तेवढा उरला. पण चिताऱ्यांनीं त्याला जतन केलें. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत ड्यूरिस या चिताऱ्याची एक थाळीसारखी उथळ प्याली आहे, ख्रिस्तपूर्व ४९० ते ४८० च्या सुमाराची. तिच्यांत पंख असलेली उषा ओणवून आपल्या मेलेल्या मुलाचें उघडें, लांबट, निर्जीव शरीर दोन्ही हातांवर उचलीत आहे. दुसऱ्या कांहीं भांड्यांवर हर्मीस तराजूंत दोन वीरांचे प्राण तोलीत आहे, आणि दोन्ही बाजूंस त्यांच्या आया, थेटिस आणि इऑस, हात पसरून विनवीत आहेत.

आमच्या कर्णपर्वांत हेंच दृश्य दोन बापांचें आहे. अखेरच्या द्वंद्वापूर्वीं आकाशांत देवांचे दोन तट पडतात. सूर्य म्हणतो कर्ण जिंकावा, इंद्र म्हणतो अर्जुन जिंकावा, आणि शेवटीं ब्रह्मदेव अर्जुनाच्या बाजूनें कौल देतो. ग्रीसमध्यें आईची माया तराजूच्या पारड्याशीं उभी राहिली. कुरुक्षेत्रावर कर्णाची आई मात्र त्या आकाशांत कोठेंच नाहीं.

सतराव्या दिवशीं शाप फळाला येतात. चाक रुततें, अस्त्र आठवत नाहीं. हिंदी कलावंतांनीं कर्णाच्या आयुष्यांतील हा क्षण वारंवार निवडला. बाराव्या शतकांतील हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर कर्णार्जुनांचें युद्ध कोरलेलें आहे. अकबरानें महाभारताचें फार्सी भाषांतर करविलें, त्याच्या १५९८ सालच्या सचित्र प्रतींतही कर्णवधाचें चित्र आहे. संस्कृत नाटकांत भासाच्या नांवावर असलेलें ‘कर्णभार’ हें एकांकी नाटक गणपतिशास्त्री यांनीं त्रावणकोरांत मिळालेल्या हस्तलिखितांवरून प्रसिद्ध केलें. त्यांत रणाकडे निघालेला कर्ण शल्याला परशुरामाच्या शापाची हकीकत सांगतो, आणि त्याच वाटेवर इंद्राला कवचही देऊन टाकतो. म्हणजे नाटककारानें विद्या आणि कवच या दोन्ही हानि मरणाच्या उंबरठ्यावर एकत्र आणल्या. आपल्याकडे मोरोपंतांनीं आर्यांत कर्णपर्व गाइलें. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, जो १९८१ पासून सिंधुदुर्ग म्हणून वेगळा झाला, दशावतारी मंडळी देवळापुढें रात्रभर पुराणांतील आख्यानें लावतात. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. शिरवाडकरांचें ‘कौंतेय’ नाटक १९५३ चें, आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ कादंबरी १९६७ ची. तिनें तर कर्णाला मराठी घराघरांत नेऊन बसविलें.

परंतु येथेंच एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. कर्णावरील प्रेमानें आपण त्याचें चरित्र धुऊन काढूं लागलों आहों. द्रौपदीनें स्वयंवरांत ‘सूताला वरणार नाहीं’ म्हणून त्याला हिणविलें, आणि म्हणून त्यानें सभेंत तिचा सूड घेतला, असें समर्थन नेहमीं ऐकूं येतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत शेंकडों हस्तलिखितें पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. डॉ. सुखटणकर यांनीं संपादिलेल्या आदिपर्वांत द्रौपदीचें तें वाक्य मूळ पाठांत घेतलेलें नाहीं; कांहीं प्रतींतील पाठभेद म्हणून तें तळटीपेंत गेलें आहे. द्यूतसभेंत कर्णानें द्रौपदीविषयीं जे शब्द काढले, ते मात्र मूळ पाठांत आहेत. इरावतीबाई कर्वे यांनीं ‘युगान्त’मध्यें कर्णाला कठोर प्रश्न विचारले, ते याच कारणास्तव.

व्यासांनीं हें लपविलें नव्हतें. चाक उचलतांना कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो. त्यावर कृष्ण विचारतो कीं, द्रौपदीला सभेंत ओढून आणलें तेव्हां, आणि एकट्या अभिमन्यूला अनेकांनीं मिळून मारलें तेव्हां, तुझा धर्म कोठें गेला होता? प्रचलित पाठाप्रमाणें कर्ण लाजेनें मान खालीं घालतो आणि उत्तर देत नाहीं. अकिलीझचीही गोष्ट तशीच. त्यानें हेक्टरचें प्रेत रथाला बांधून फरफटत नेलें, आणि होमरनें तें अमंगल कृत्य म्हणूनच वर्णिलें. दैवानें ज्याला आधींच गांठलें आहे, त्याच्या अपराधांची वजाबाकी करण्याची मोकळीक या दोन्ही कवींनीं श्रोत्यांना दिलेली नाहीं. शाप खरे होते, अन्याय खरा होता, आणि सभेंतले शब्दही खरे होते. हें सर्व एकत्र धरून ज्याच्याविषयीं आपला कंठ दाटून येतो, तोच शोकात्म वीर.

मग अशा वीराचें माप कोण घेतो? होमरनें तें काम शत्रूच्या बापाकडे दिलें. म्हातारा प्रायम रात्रीं अकिलीझच्या छावणींत येतो, आणि ज्या हातांनीं आपल्या मुलाला मारलें त्या हातांचें चुंबन घेतो. अकिलीझला आपला दूर असलेला बाप आठवतो, आणि दोघे एकत्र रडतात. मरणाला इतकें जवळ आणून मग कवि त्याच्या हातून हेक्टरचें प्रेत परत देववितो.

व्यासांनीं तें काम भावाकडे दिलें, पण उशिरा. युद्ध संपल्यावर गंगेच्या कांठीं मृतांना तिलांजलि देण्याची वेळ येते, तेव्हां कुंती सांगते कीं, कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्वाच्या आरंभीं शोकानें खचलेला युधिष्ठिर एक आठवण सांगतो. द्यूतसभेंत कर्णाचे कठोर शब्द ऐकून त्याचा संताप उसळला होता. पण नजर कर्णाच्या पायांवर गेली आणि राग आपोआप निवला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. असें कां, याचें उत्तर त्यानें फार शोधलें, पण त्याला सांपडलें नाहीं. आतां सांपडलें, तेव्हां तो भाऊ उरला नव्हता. म्हणून तो नारदाला विचारतो कीं, माझ्या भावाच्या रथाचें चाक पृथ्वीनें कां गिळलें? आणि त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून नारद जी कथा सांगतो, तीच परशुरामाच्या शापाची.

श्रोते हो, पुढच्या वेळीं आपण परशुरामाच्या डोंगरावर जाल, तेव्हां देवाला नमस्कार करून क्षणभर बाहेरच्या पायरीवर बसा. खालीं वाशिष्ठी वाहत असेल. मांडीवर गुरूचें मस्तक घेऊन, रक्त वाहत असतांही न हललेला तो मुलगा तेथें आठवून पाहा. त्याला कोणी वेळेवर ओळखलें नाहीं, आणि त्यानें स्वतःही स्वतःला ओळखलें तें परतीची वाट बंद झाल्यावर. त्याच्यासाठीं अश्रु ढाळणें सोपें आहे. आपल्या दारीं आलेल्याचे पाय आपल्याच आईच्या पायांसारखे आहेत काय, हें तो जिवंत आहे तोंवर पाहणें अवघड आहे. आणि ती अवघड गोष्ट शिकविण्यासाठींच या जुन्या कथा आपण पुनःपुन्हां सांगत आलों आहों.